आमचा जुना बेलर

गेल्या डिसेंबरात कॉलेजच्या ख्रिसमसच्या देखाव्यात गव्हाणीखाली जो पेंढा अंथरला होता, तो आमच्या घरून आला होता. त्याआधीच्या वर्षी कुणीतरी सफरचंदांच्या पेट्यांतलं गवत आणून पसरलं होतं, आणि बाळाच्या उशापाशी सफरचंदाचं एक स्टिकर शेवटपर्यंत चमकत होतं. तेव्हा मी हॉस्टेलमध्ये बोलून गेले, "पेंढा काय, आमच्याकडे ढिगानं पडलाय." डिसेंबर आला तसं सिस्टरांनी बरोबर मला गाठलं.

खरं तर पोतंभर आणला असता तरी चाललं असतं. पण आप्पांनी एक अख्खी गाठच बसमध्ये चढवून दिली. गोल, घट्ट वळलेली, दोन फूट जाडीची, तीन फूट लांब, वजन १८ किलोच्या आसपास. मदनूरहून सुटलेल्या एक्स्प्रेसमध्ये कंडक्टरनं विचारलं, "एंटम्मा इदी?" मी म्हटलं, "गड्डी." तेलंगणात बायकांना बसप्रवास मोफत, त्यामुळे माझं तिकीट झीरो आणि पेंढ्याचं ५० रुपये. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यापेक्षा माझ्या सामानाला जास्त किंमत आली.

ती गाठ कॉलेजच्या पोर्चमध्ये उतरवली तेव्हा सगळ्यांचा एकच प्रश्न. एवढी गोल कोण वळतं? हातानं वळता काय? मी म्हटलं, बेलर वळतो. मग बेलर म्हणजे काय, केवढ्याला येतो, तुमचा स्वतःचा आहे का, हे सगळं सुरू झालं. आपल्या अंकाच्या संपादक मैत्रिणीनं तिथंच फर्मान काढलं, "लिही." मी वर्षभर टाळलं. कारण बेलरबद्दल लिहायचं तर तो निवडला कुणी हेही लिहावं लागणार होतं. तो मी निवडला होता.

आमचं गाव मदनूरजवळ. पूर्वी निजामाबाद जिल्ह्यात होतं, २०१६ पासून कामारेड्डी जिल्ह्यात. महाराष्ट्राची हद्द इतकी जवळ की देगलूरचा बाजार आम्हाला बान्सवाड्यापेक्षा जवळचा वाटतो. १९५६ पर्यंत नांदेड, बीदर, निजामाबाद सगळं एकाच हैदराबाद संस्थानातलं, नंतर राज्यात होतं. मग रेघ ओढली गेली आणि आम्ही रेघेच्या या बाजूला राहिलो. घरात मराठी, बाजारात तेलुगू, मेकॅनिककडे दखनी. आमची जमीन काळी, सोयाबीन, तूर आणि हरभऱ्याची. पण पंचवीस-तीस किलोमीटर पूर्वेला गेलं की निजामसागरच्या कालव्याखालचा मुलूख लागतो, बान्सवाडा, बीरकूर, वर्णी, बोधन. तिथं नजर जाईल तिथवर साळ. मांजरेवरचं हे धरण १९२३ ते १९३१ या काळात बांधलं गेलं.

पूर्वी साळ विळ्यानं कापायचे आणि झोडपायचे, तेव्हा पेंढा आपोआप पेंढ्या बांधून मिळायचा. आता हार्वेस्टर येतं. तासाभरात एकर उरकतं, धान टाकीत घेतं आणि पेंढा मागं ओळीनं सांडून पुढं जातं. तो गोळा करायला मजूर परवडत नाही. म्हणून शेतकरी काडी पेटवतो. पुढच्या यासंगीच्या लावणीसाठी त्याला रान मोकळं हवं असतं. आणि इकडं साठ-सत्तर किलोमीटरवर देगलूर-उदगीरकडच्या कोरडवाहू भागात मार्चनंतर जनावरांना घालायला काडी नसते. एकीकडे जाळायलेत, एकीकडे विकत घ्यायलेत. मधलं काम बेलरचं.

आप्पांकडे ट्रॅक्टर होता, ३९ हॉर्सपॉवरचा, तोही जुनाच. पेरणी-पाळी सोडली तर वर्षातले सात महिने तो पत्र्याखाली उभा. त्याला कामाला लावायचं आप्पांच्या डोक्यात बरेच दिवस होतं. हायवेच्या रुंदीकरणात आमची थोडी जमीन गेली होती, त्याचे पैसे बँकेत माझ्या नावानं ठेवलेले. माझ्या पुढच्या शिक्षणाला म्हणून. आई त्याला हात लावू द्यायची नाही. नव्या बेलरला साडेतीन-चार लाख लागतात, तेवढं काही नव्हतंच. जुना दीड-पावणेदोनमध्ये मिळत होता. आई शेवटी एका अटीवर तयार झाली. "पोरीचे पैसे हाईत, पोरगीच बघून घेईल." मी तेव्हा डिग्री फर्स्ट इयरला होते, मराठी आणि इतिहास घेऊन. मशीन म्हणजे मला शिलाई मशीनसुद्धा नीट चालवता येत नव्हतं.

पण मी अभ्यास केला. परीक्षेला करते तसा. रात्री हॉस्टेलमध्ये इअरफोन घालून तेलुगू, हिंदी, पंजाबी आणि काही अमेरिकन व्हिडिओ बघितले आणि वहीत चौदा मुद्दे काढले. बेलर तसा समजायला सोपा आहे. पुढं खाली लोखंडी बोटांचा एक रोळ असतो, पिकअप. तो जमिनीवरची काडी उचलून आत ढकलतो. आत गोल पोकळी, तिच्या कडेनं फिरणारे रोलर. काडी त्यात गरगर फिरते आणि स्वतःभोवतीच गुंडाळत जाते, आजी वाती वळायची तशी. पोकळी भरली की ड्रायव्हर ट्रॅक्टर थांबवतो, पण पीटीओ चालूच ठेवतो. म्हणजे मशीन उभं, पोट फिरतंय. मग सुतळी आत सुटते, गाठीभोवती आठ-दहा वेढे बसतात, पातं सुतळी कापतं, मागचं दार उघडतं आणि गाठ जमिनीवर गडगडते. दार बंद, ट्रॅक्टर पुढं.

जुना घेताना काय बघायचं, तर जे सतत घासतं ते. साळीच्या काडीत सिलिका खूप असते, वाळूच म्हणा ना. ती लोखंड हळूहळू खाते. पिकअपची किती बोटं तुटलीत ते मोजायचं. सुतळी ज्या कड्यांमधून जाते त्यांना खाचा पडल्यात का बघायचं, कारण खाच खोल असली की सुतळी अडकते आणि गाठ न बांधताच बाहेर येते. चेन चाकावर बसलेली असताना मधोमध धरून ओढायची. ती दातांपासून सुटून उचलली गेली तर ताणलेली आहे. दात मांजराच्या नखासारखे वाकलेत का ते बघायचं. प्रत्येक रोलर हातानं फिरवून बेअरिंगचा आवाज ऐकायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मशीन रिकामं नाही, काडी घालून चालवून बघायचं.

मशीन मिळालं मिर्यालगुडाच्या पुढं. तिकडं नागार्जुनसागरच्या कालव्याचं पाणी आणि राइस मिलांची रांग, त्यामुळे बेलरही खंडीनं. ऑक्टोबर २०२३ मधला रविवार. मी आणि मामा एमजीबीएसवरून बसनं गेलो. मामा उप्पलला राहतो, गाड्यांच्या पार्टच्या दुकानात कामाला आहे, म्हणून आईनं त्याला सोबत दिलेला. मशीन अंगणात उभं होतं. लालभडक. रंग इतका ताजा की हाताला वास लागला. हाच पहिला इशारा होता, पण मला वाटलं, बघा किती निगा ठेवलीय.

मी वही काढली. मालक हसला नाही, उलट कौतुकानं बघत राहिला. बोटं दोनच तुटलेली. खूण केली. कड्या ठीक. खूण केली. मामानं रोलर फिरवले, दोन बेअरिंग खरखरत होते, "हे बदलू, स्वस्त असतात" म्हणाला. चेन थोडी सैल. गाठी मोजणाऱ्या काट्यावर ११ हजार आणि काही. काडी घालून चालवा म्हटलं, तर हंगाम सुरू व्हायचाय, काडी कुठून आणू मॅडम, म्हणाला. ते खरंही होतं. रिकामं चालवून दाखवलं. मग आपणहून म्हणाला, "दो सीजन में एक बार भी बोल्ट नहीं टूटा मॅडम. एक बार भी."

वहीत बोल्टबद्दल मुद्दाच नव्हता. मी खाली पंधरावा मुद्दा लिहिला. बोल्ट मजबूत, दोन हंगामांत एकदाही तुटला नाही. आणि त्यापुढंही बरोबरची खूण केली. ती वही अजून माझ्याकडे आहे.

१ लाख ८५ सांगितले होते, १ लाख ६२ हजारांवर आलं. डीसीएममध्ये घालून मशीन गावी गेलं. आप्पांनी फोनवर विचारलं, "बघितलीस नव्हं नीट?" मी म्हटलं, "चौदा मुद्दे बघितले आप्पा." पंधरावा सांगितला नाही, वेळ नव्हता.

त्या वर्षी दिवाळी १२ नोव्हेंबरला होती. चार दिवस रजा जोडून मी घरी गेले. बीरकूरकडच्या एका शेतकऱ्याशी आणि त्याच्या भावकीशी आप्पांचं बोलणं झालेलं, सगळी मिळून साठ एकर. गाठीमागं ३० रुपये. एकरी पस्तीस-चाळीस गाठी धरल्या आणि दिवसाला अडीचशे निघाल्या तर साडेसात हजार, त्यातून डिझेल, सुतळी, ड्रायव्हर पोराची मजुरी वजा. आईनं हिशेब कॅलेंडरच्या मागं लिहिला होता. पहिल्या दिवशी एकशे नव्वद निघाल्या, दुसऱ्या दिवशी दोनशे चाळीस. पहिली गाठ बाहेर गडगडली तेव्हा आप्पांनी तिला हात लावून नमस्कार केला. मला हसू आलं, आणि डोळ्यांत पाणीही. दोन्ही एकदम.

तिसऱ्या दिवशी आप्पा म्हणाले, लवकर सुरू करू, आज तीनशे काढू. सकाळी साडेसहालाच शेतात.

इथं एक गोष्ट सांगायला पाहिजे, शहरातल्या वाचकांना माहीत नसेल. आमच्याकडे ज्वारीचा कडबा बांधायचा तो पहाटे, दहिवरात. दव पडलेलं असतं तेव्हा पानं मऊ असतात, तुटत नाहीत, पेंढी नीट आवळली जाते. ऊन चढल्यावर बांधायला घेतलं की पानांचा चुरा होतो आणि जनावरापुढं नुसती ताटं पडतात. आप्पांनी चाळीस वर्षं कडबा असाच बांधलेला. वैरण म्हणजे पहाटे, हे त्यांच्या हाडात बसलेलं. बेलरचं मात्र बरोबर उलटं. ओली काडी रोलरला चिकटते, त्याच्याभोवती दोरीसारखी गुंडाळते. वळली तरी गाठ आतून गरम होते, बुरशी धरते. दहा-साडेदहाला काडी हातात चुरचुरायला लागली की मगच सुरू करायचं असतं. मला हे माहीत होतं. व्हिडिओत ऐकलं होतं. पण आप्पांना वैरणीतलं मी काय सांगणार?

पावणेआठच्या सुमाराला मशीन कण्हल्यासारखं झालं. ड्रायव्हर पोरानं क्लच दाबेपर्यंत खाडकन आवाज. चेन तुटून बाजूचा पत्रा फाडून बाहेर आली होती. आत बघितलं तर रोलरवर ओल्या काडीचा मांडीएवढा जाड वेटोळा, रोलरचा दांडा वाकलेला, चाकाचे चार दात गेलेले. आप्पा बराच वेळ खाली बसून ती काडी उलगडत राहिले. मग आईला फोन लावला आणि एवढंच म्हणाले, "दहिवर होतं. माझीच चूक झाली."

बोधनहून मेकॅनिक आला. म्हातारा, दखनी बोलणारा. त्यानं चेनकडे बघितलंच नाही. सरळ पीटीओच्या शाफ्टकडे गेला, पाना लावून एक बोल्ट काढला, लुंगीला पुसला. आप्पा तेव्हा बांधावर ट्रॅक्टर-मालक शेजाऱ्याशी बोलत होते. मेकॅनिकनं मला विचारलं, "ये मशीन देखा कौन?" मी म्हटलं, मी. त्यानं बोल्ट माझ्या हातात ठेवला. "ये टूटने का बोल्ट है अम्मा. इसका कामइच टूटना है. नै टूटा बोलके खुश हो गए तुम लोगां."

त्याला तो शेर बोल्ट म्हणत होता. मला आधी वाटलं शेर म्हणजे वाघ-सिंह, म्हणजे जास्तच मजबूत. नंतर कळलं, इंग्रजीतला शिअर, म्हणजे कातरला जाणे. मशीनवर झेपणार नाही एवढा भार आला की बाकी काही मोडायच्या आत हा वीस-तीस रुपयांचा बोल्ट कातरला जावा, म्हणून मुद्दाम साध्या, मऊ लोखंडाचा ठेवलेला असतो. तो तुटला की काडी उपसायची, नवा बसवायचा, पुन्हा सुरू. हंगामात असे पाच-सात तुटणं म्हणजे मशीन शहाणं असल्याची खूण. आधीच्या मालकाला सारखं उतरून बदलायचा कंटाळा आला असेल. त्यानं तिथं कडक बोल्ट ठोकला होता. बोल्टच्या डोक्यावर बारीक आकडे असतात. आमच्या मशीनला ४.६ चा हवा होता. माझ्या हातातल्या बोल्टवर लिहिलं होतं, १०.९.

मालक खोटं बोलला नव्हता. दोन हंगामांत तो खरंच एकदाही तुटला नव्हता.

मी तो बोल्ट ओढणीच्या टोकाला बांधला आणि आप्पांना काही बोलले नाही. दव होतं, हे तर खरंच होतं. योग्य बोल्ट असता तर दवामुळे फक्त बोल्ट गेला असता, हेही खरं होतं. पण अर्धं खरं घरात आधीच सांगून झालं होतं, सगळ्यांनी मानलं होतं, आणि ते माझ्या सोयीचं होतं.

मशीन अकरा दिवस बंद राहिलं. खर्च २३ हजार ४००. त्यातलं निम्मं सामान मी हैदराबादहून आणलं, सिकंदराबादच्या रानीगंजमधून. तुम्ही कुणी रानीगंजच्या त्या गल्ल्यांमध्ये गेला नसाल तर एकदा जाच. दोन हातांएवढं दुकान, भिंतभर डबे, आणि काउंटरवरचा माणूस तोंड वर न करता विचारतो, "नंबर?" पहिल्यांदा मी म्हटलं, बेलरचं बेअरिंग द्या. त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी पुस्तकाच्या दुकानात जाऊन "पुस्तक द्या" म्हटलं. मग त्यानंच शिकवलं. बेअरिंगच्या कडेवर आकडा कोरलेला असतो. ६२०६ असेल तर शेवटच्या दोन आकड्यांना पाचनं गुणायचं, ३०, म्हणजे आतला दांडा ३० मिलिमीटरचा. ६२०७ म्हणजे ३५. मला फार बरं वाटलं. एवढ्या गोंधळात काहीतरी वाचता येण्यासारखं सापडलं होतं. दुपारची दोन लेक्चर बुडवून मी तीन खेपा केल्या. मराठीच्या मॅडमना आता कळेल का ते.

बीरकूरच्या साठ एकरांपैकी आमच्या हातून एकवीस झाले. बाकीचे थांबले नाहीत, थांबणार तरी कसे? दुरुस्तीनंतर आप्पा मशीन घेऊन गेले तेव्हा पलीकडची शेतं काळी झाली होती. त्यांनी मला फोटो पाठवला नाही, ड्रायव्हर पोरानं पाठवला. धुराच्या मागं सूर्य लाल गोळीसारखा दिसत होता. हॉस्टेलमधल्या एकीनं बघून म्हटलं, "किती सुंदर फोटो आहे!"

त्या दिवसांत रात्री झोप यायची नाही म्हणून मी बेलरचा इतिहास वाचत बसायचे. इतिहासाची विद्यार्थिनी, दुसरं काय करणार! गोल गाठी वळणाऱ्या यंत्राचं पेटंट १९१० मध्ये अमेरिकेतल्या नेब्रास्कात उमो ल्यूबेन नावाच्या माणसानं घेतलं. त्याचे हक्क १९४० मध्ये ॲलिस-चाल्मर्स कंपनीनं विकत घेतले आणि १९४७ मध्ये रोटो-बेलर बाजारात आणला. गंमत म्हणजे त्यालाही आमच्यासारखंच प्रत्येक गाठ बांधताना ट्रॅक्टर थांबवावा लागायचा. मग १९७१ मध्ये आयोवात गॅरी व्हर्मीर यांनी मोठा राउंड बेलर काढला. त्याची गाठ माणसाला हलवताच येणार नाही एवढी, ती उचलायलाही ट्रॅक्टरच लागतो. वैरणीच्या कामाला वैतागून गुरं विकायला निघालेल्या एका शेतकरी मित्राचं ऐकून त्यांनी ते काम हाती घेतलं होतं. आमच्याकडे चालतात ते छोटे, १५ ते २० किलोंची गाठ टाकणारे. कारण आमच्याकडे गाठ शेवटी आई उचलते.

एप्रिलच्या यासंगीत मशीन नीट चाललं. तोवर आम्हीही शिकलो होतो. आप्पा आता साडेदहाशिवाय सुरू करत नाहीत. त्याआधीचे दोन तास ग्रीस भरायचं, रोलरच्या टोकांना गुंडाळलेली काडी विळ्यानं कापून काढायची, पिकअपची बोटं मोजायची. पट्ट्याच्या हार्वेस्टरनं चिखलात दाबलेली काडी सोडून द्यायची, गाठी कमी पडल्या तरी चालतील, कारण मातीनं बेअरिंग जातं. दर तासाला मशीन थांबवून बेअरिंगांवर हाताची पाठ ठेवायची. चटका बसला तर काम बंद. आणि मेकॅनिकनं दिलेले साधे बोल्ट ड्रायव्हरच्या सीटखाली डब्यात, बारा. पहिला बोल्ट कातरला गेला त्या दिवशी ड्रायव्हर पोरगा घाबरून आप्पांकडे पळत आला. आप्पा म्हणाले, "तुटला? तुटू दे की. डबा कशाला भरून ठेवलाय?" मी फोनवर हे ऐकलं आणि गप्प राहिले.

एक गोष्ट मात्र शेर बोल्टच्या हातात नाही. तो मशीनसाठी तुटतो, माणसासाठी तुटत नाही. माणसाच्या हातानं त्याला जाणवेल एवढाही भार येत नाही. मे महिन्यात पिकअपच्या तोंडाशी काडीचा बोळा अडकला. आप्पा उतरले आणि पीटीओ चालू असतानाच हातानं ओढायला लागले. सगळेच असं करतात. खांद्यावरचा टावेल पुढं लोंबत होता, तो काडीबरोबर आत गेला. काडी हातातून सुटायच्या आत रोलर ती ओढून घेतो, एवढा वेग असतो. टावेल गळ्याभोवती गुंडाळलेला नव्हता, नुसता टाकलेला होता, म्हणून बरं. निघाला आणि आत गेला. पुढच्या गाठीत गुंडाळून बाहेर आला. ती गाठ आप्पांनी विकली नाही, पण घरात सांगितलंही नाही. मला हे ड्रायव्हर पोराकडून कळलं. मी त्या रात्री फोनवर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा आप्पांवर ओरडले. पलीकडून बराच वेळ आवाज नाही. मग म्हणाले, "पीटीओ बंद करूनच उतरीन. आता जेवलीस का?"

तेव्हापासून किल्ली काढून खिशात घातल्याशिवाय आमच्या बेलरजवळ कुणी जात नाही. टावेल तर नाहीच.

पैशांचं विचाराल तर दोन वर्षांत मशीननं आपली किंमत काढली, थोडं वर राहिलं. बँकेतलं पूर्ववत झालेलं नाही. पुढच्या वर्षी एम.ए.ला कुठं, हे अजून ठरायचंय. आमच्या स्वतःच्या गाईला तर या गाठी मुळीच आवडत नाहीत. साळीची काडी पुढं टाकली की ती मान फिरवते, तिला कडबाच लागतो. उदगीरकडचे गिऱ्हाईक मात्र टेम्पो भरून नेतात.

परवा आप्पांचा फोन आला. देगलूरकडचे एक पाहुणे जुना बेलर घ्यायला निघालेत, करीमनगरच्या बाजूला मशीन बघितलंय. "तू सांग बरं त्यान्ला, काय काय बघायचं. मी स्पीकर लावतो." मी वही काढली नाही, गरज नव्हती. पिकअपची बोटं सांगितली, सुतळीच्या कड्या, चेन ओढून बघा, बेअरिंग फिरवून ऐका, ताज्या रंगाला भुलू नका, काट्यावरचा आकडा बघा पण त्याच्यावर विसंबू नका, काडी घालूनच चालवायला लावा, हंगाम नसला तर हंगामापर्यंत थांबा. पाहुणे हो हो म्हणत होते. बोल्टपाशी आले आणि मी अडखळले. कसं सांगावं, आप्पा शेजारीच बसलेले.

मागून आप्पांचाच आवाज आला, "आन् बोल्ट काढून हातात घ्या. डोक्यावर आकडे असतात बगा, बारीक. ते वाचा आधी."

बोल्टच्या डोक्यावर आकडे असतात, हे मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं.